२१ टक्के बचत : कॉम्प्रेसरची की पावसाची?



रेफ्रिजरेशनवर काम करायचं ठरवून लिटरेचर रिव्ह्यू सुरू केला की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य वारंवार भेटायला लागतं : ‘प्रस्तावित पद्धतीमुळे विजेची इतके टक्के बचत झाली.’ कधी कॉम्प्रेसरला व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह लावलेला असतो, कधी कंट्रोलरचा नवा अल्गोरिदम असतो, तर कधी नुसतं सिम्युलेशन असतं. टक्के मात्र प्रत्येकाकडे असतात. आपण ते एक्सेलमध्ये उतरवतो, तक्ता करतो आणि खाली लिहितो, ‘अमुक टक्क्यांपासून तमुक टक्क्यांपर्यंत बचत शक्य आहे.’ झाला रिव्ह्यू!

आजची पोस्ट या जातीच्या पेपरांवरची टीका आहे. एखाद्या पेपरचं नाव घेऊन झोडपण्यात मला रस नाही, कारण या जातीचा सगळ्यात वाईट नमुना मला नीट माहीत आहे. तो मीच तयार केला होता.

माझं पोस्टर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी पुण्यातल्या एका दूधविक्रेत्या काकांची कोल्ड रूम मला मोजमापासाठी मिळाली. दूध, ताक, पनीर. आतलं तापमान २ अंश. जुना कॉम्प्रेसर ठरलेल्या वेगाने चालायचा आणि थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून बंद-चालू व्हायचा. मी मे महिन्यात तीन आठवडे वीज मोजली. मग ड्राइव्ह यायला उशीर झाला, बसवायला आणखी उशीर झाला, आणि ‘नंतरची’ मोजणी ऑगस्टमध्ये झाली. बचत निघाली २१ टक्के. विभागाच्या पोस्टर स्पर्धेत तो आकडा मी सगळ्यात मोठ्या फॉन्टमध्ये छापला.

माझ्या गाईडनी पोस्टरसमोर उभं राहून एकच प्रश्न विचारला, “पाऊस कधी सुरू झाला?”

मला वाटलं सर गप्पा मारतायत. ते गप्पा मारत नव्हते.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी कॉम्प्रेसर नेमकं काय करतो ते बघावं लागेल. विहिरीतलं पाणी खोल गेलं की तेवढीच टाकी भरायला मोटर जास्त वीज खाते, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. कॉम्प्रेसरचं तसंच आहे. तो थंड जागेतली उष्णता उचलून बाहेरच्या गरम हवेत टाकतो. इव्हॅपोरेटरमध्ये रेफ्रिजरंट ज्या तापमानाला उकळतो ते विहिरीतलं पाणी, आणि कंडेन्सरमध्ये ज्या तापमानाला त्याचा द्रव होतो ती वरची टाकी. दोन्हींतलं अंतर म्हणजे ‘लिफ्ट’. सादी कार्नोने १८२४ मध्ये मांडलेल्या विचारातून पुढे जे सूत्र तयार झालं ते आपल्याला बारावीपासून पाठ असतं : आदर्श यंत्राला लागणारं काम म्हणजे उचललेली उष्णता गुणिले लिफ्ट भागिले खालचं तापमान (केल्व्हिनमध्ये).

आता माझ्या कोल्ड रूमचे आकडे त्यात घाला. इव्हॅपोरेटर उणे ८ अंशांवर, म्हणजे २६५ केल्व्हिन. माझ्या लॉगरप्रमाणे मे महिन्यात बाहेरचं दिवसरात्रीचं सरासरी तापमान ३० अंश, आणि कंडेन्सिंग त्याच्या साधारण १२ अंश वर, म्हणजे ४२. लिफ्ट ५० अंश. ऑगस्टमध्ये बाहेरची सरासरी २५, कंडेन्सिंग ३७, लिफ्ट ४५. म्हणजे यंत्राला हात न लावताही तेवढ्याच थंडाव्यासाठी १० टक्के कमी काम!

एवढ्यावर भागत नाही. भिंती, छत आणि दारातून आत शिरणारी उष्णता बाहेरच्या आणि आतल्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. मेमध्ये तो फरक २८ अंश होता, ऑगस्टमध्ये २३. म्हणजे हा भार साधारण १८ टक्क्यांनी उतरला. खोलीचा निम्मा भार या प्रकारचा आहे असं धरलं, तर एकूण भार ९ टक्क्यांनी कमी. दोन्ही परिणाम एकत्र करा : ०.९० गुणिले ०.९१, म्हणजे जवळपास ०.८२. अठरा टक्के बचत केवळ पावसाने केली.

मग उरलेले तीन टक्के तरी ड्राइव्हचे का? तेही सांगता येत नाही. पावसाळ्यात हवा दमट असते. दार उघडलं की ती बाष्प घेऊन आत येते, कॉइलवर बर्फ धरतो आणि डीफ्रॉस्ट वाढतो, म्हणजे हा परिणाम उलट्या दिशेचा. शिवाय ऑगस्टमध्ये सणांमुळे काकांकडे माल जास्त होता. म्हणजे ड्राइव्हने खरंच बरंच वाचवलं असेल, किंवा काहीच वाचवलं नसेल. माझ्या मोजणीतून ते कळायचा मार्गच नव्हता. मीटर चांगला होता, नोंदी नीट होत्या, आणि तरीही प्रश्नाचं उत्तर त्या नोंदींत नव्हतं.

टक्क्यांवर माझा पहिला आक्षेप इथे आहे. ‘बचत’ ही कुठल्याही यंत्रात बसवलेली वस्तू नसते. ती दोन स्थितींमधली वजाबाकी असते. पेपरात नव्या स्थितीवर आठ पानं असतात आणि जुन्या स्थितीवर दोन ओळी : ‘पारंपरिक प्रणालीशी तुलना केली.’ कुठली पारंपरिक? कुठल्या ऋतूतली? तिचा कंडेन्सर स्वच्छ होता का? खरं तर ऊर्जाबचतीच्या मोजमापासाठी आयपीएमव्हीपी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत उपलब्ध आहे, आणि तिचा गाभाच हा आहे की बेसलाइन बदललेल्या परिस्थितीनुसार दुरुस्त करून मगच वजाबाकी करायची. इमारतींची एनर्जी ऑडिट करणाऱ्यांना हे माहीत असतं. आपण संशोधक मात्र अनेकदा ते विसरतो.

घनाचा नियम आणि मोडलेला दुसरा नियम

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे, आणि जास्त धोकादायकही. व्हेरिएबल स्पीडवरच्या लिखाणात, विशेषतः विक्रीच्या माहितीपत्रकांत आणि तिथून उचललेल्या प्रबंधांच्या प्रस्तावनांत, हे वाक्य असतं : ‘वेग निम्मा केला की शक्ती एक अष्टमांश लागते.’ पंखा आणि सेंट्रिफ्यूगल पंपासाठी हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. तिथे शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पण दुकानांच्या आणि कोल्ड रूमच्या रेफ्रिजरेशनमधला कॉम्प्रेसर बहुतेक वेळा पिस्टनचा, स्क्रोल किंवा स्क्रू असतो. हे पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट प्रकारचे. प्रत्येक फेऱ्यात ठरावीक आकारमानाचा वायू घ्यायचा आणि दाबून पुढे ढकलायचा. दाब तेच राहिले तर निम्म्या वेगाला निम्मा वायू, निम्मा थंडावा आणि साधारण निम्मी शक्ती. घन कुठून आला?

हे चुकीचं आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, पाठ्यपुस्तक पुरतं. माझ्याच उदाहरणात आदर्श सीओपी २६५ भागिले ५०, म्हणजे ५.३. खरं यंत्र त्याच्या निम्म्यापर्यंत पोचतं असं धरू, म्हणजे २.६. आता घनाचा नियम लावा : निम्मा थंडावा, एक अष्टमांश शक्ती, म्हणजे सीओपी चौपट, १०.४. आदर्श यंत्राच्याही वर! थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम प्रस्तावनेतच मोडला. असं वाक्य दिसलं की मी आता पेपर बंद करत नाही, पण पुढचा प्रत्येक आकडा संशयाने वाचते.

मग ड्राइव्हने काहीच वाचत नाही का? वाचतं, आणि खरं कारण समजलं तर ते जास्त उपयोगी पडतं. निम्म्या वेगाला कंडेन्सरला जवळपास निम्मीच उष्णता बाहेर टाकायची असते, पण त्याचं क्षेत्रफळ तेवढंच असतं. म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा १२ ऐवजी साधारण ६ अंश वर राहून त्याचं भागतं. तसंच इव्हॅपोरेटरला खोलीपेक्षा १० ऐवजी ५ अंश खाली राहून चालतं. म्हणजे कंडेन्सिंग ४२ वरून ३६, इव्हॅपोरेशन उणे ८ वरून उणे ३, आणि लिफ्ट ५० वरून ३९. सूत्रात घाला : तेवढ्याच थंडाव्याला २३ टक्क्यांच्या आसपास कमी काम. टाकी थोडी खाली आली, विहिरीतलं पाणी थोडं वर आलं.

ही बचत कॉम्प्रेसरच्या पोटात नाही, दोन्ही बाजूंच्या कॉइलमध्ये आहे, हे लक्षात घ्या. त्यातून बरंच काही कळतं. कंडेन्सर मुळातच छोटा किंवा मळलेला असेल तर फायदा घटतो. कॉम्प्रेसर गरजेपेक्षा फार मोठा नसेल आणि उन्हाळ्यात जवळजवळ पूर्ण वेळ धावत असेल, तर वेग कमी करायची संधीच मिळत नाही. ड्राइव्ह स्वतः थोडी वीज खातो. फार कमी वेगाला तेल नीट परत येत नाही, म्हणून खालची मर्यादा ठेवावी लागते. आणि इव्हॅपोरेटरचा पंखा पूर्वी कॉम्प्रेसरबरोबर थांबत असेल आणि आता दिवसभर फिरत असेल, तर त्याची उष्णता खोलीतच पडते. ती बाहेर काढायचं काम पुन्हा कॉम्प्रेसरकडेच येतं. ‘कॉम्प्रेसरची शक्ती’ एवढंच मोजणाऱ्या पेपरात यातलं निम्मं दिसतच नाही.

कॅटलॉगमधून निघालेलं, कॅटलॉगशी ताडलेलं

सिम्युलेशनवाल्यांसाठी वेगळी टिप्पणी. कॉम्प्रेसर कंपन्या त्यांच्या यंत्राची कामगिरी इव्हॅपोरेटिंग आणि कंडेन्सिंग तापमानांच्या दहा सहगुणकांच्या बहुपदीत देतात. एएचआरआय ५४० या प्रमाणकात तिचं स्वरूप आहे. सोय छान आहे. पण ही बहुपदी स्थिर स्थितीसाठी आणि ठरावीक सुपरहीटसाठी असते. दुकानातला कॉम्प्रेसर स्थिर नसतो. तो चालू होतो, दाब तयार होईपर्यंत वेळ जातो, बंद होतो, तोवर दाब सरकतात. हा बंद-चालूचा तोटा बहुपदीत नाही. म्हणजे मॉडेलमध्ये जुनी पद्धत खऱ्यापेक्षा चांगली दिसते, आणि ड्राइव्हवर अन्याय होतो! उलट बहुपदी तिच्या मर्यादेबाहेर ताणली, तर ती काहीही सांगू शकते. कुठलीही तृतीय घाताची बहुपदी टोकांना सैरभैर होते.

आणि मग ‘व्हॅलिडेशन’. कॅटलॉगच्या सहगुणकांवर बांधलेलं मॉडेल कॅटलॉगच्याच बिंदूंशी ताडून ‘त्रुटी दोन टक्क्यांहून कमी’ असं लिहिलेलं दिसलं, तर थांबा. ते व्हॅलिडेशन नाही. परीक्षेचा पेपर स्वतः काढून स्वतः तपासल्यासारखं झालं ते.

हवामान सोबत आयात होत नाही

या विषयावरचं मोलाचं आणि मोठं काम युरोपातून आलंय, आणि त्यातले काही निष्कर्ष आपण हवामान न बघता उचलतो. उदाहरणार्थ, ‘फ्लोटिंग हेड प्रेशर’. जुन्या प्रणालींत एक्स्पान्शन व्हॉल्व्हला पुरेसा दाब मिळावा म्हणून थंडीतही कंडेन्सिंग मुद्दाम वर अडकवून ठेवत. इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह आल्यावर ते बाहेरच्या हवेबरोबर खाली सोडता येतं. कंडेन्सिंग एक अंशाने उतरलं की साधारण दोन ते तीन टक्के वीज वाचते. जिथे वर्षातले कित्येक महिने बाहेर ५ अंश असतात तिथे हे सोनं आहे. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४४ अंश असताना, खाली सोडायला जागाच नाही. पण त्याच नागपुरात डिसेंबरची रात्र असते, नाशिकला तर असतेच असते. म्हणून उत्तर ‘आपल्याकडे चालत नाही’ असंही नाही. उत्तर वर्षाच्या ८,७६० तासांचा हिशेब करून काढायचं असतं. त्यातही मेख आहे : कंडेन्सिंग आणखी खाली ओढायला पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि घनाचा नियम इथे खरोखर लागू पडतो. वेग १० टक्के वाढवला की पंख्याची शक्ती ३३ टक्के वाढते. कुठेतरी मधला बिंदू शोधावाच लागतो.

दुसरं उदाहरण कार्बन डायऑक्साइडचं. रेफ्रिजरंट म्हणून तो पर्यावरणाला सौम्य, पण त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंशांवर आहे. बाहेर त्याहून गरम असेल तर त्याचा द्रव होतच नाही, आणि साध्या चक्राची कार्यक्षमता झपाट्याने पडते. थंड देशातल्या सुपरमार्केटची बचत जशीच्या तशी चेन्नईला लागू होणार नाही हे उघड आहे, आणि म्हणूनच आयआयएस्सी बंगळुरू आणि आयआयटी मद्रासमध्ये नॉर्वेच्या सहकार्याने उष्ण हवामानासाठी, इजेक्टरसारख्या उपायांसह, वेगळं काम झालं. याला म्हणतात प्रश्न आपल्या जागी आणून विचारणं.

हे सगळं आत्ताच का महत्त्वाचं? किगाली दुरुस्तीनुसार भारतात एचएफसी रेफ्रिजरंटचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. २०१९ च्या इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये २०३७-३८ पर्यंत थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत हजारो दुकानांत, डेअऱ्यांत, कोल्ड स्टोअरेजमध्ये यंत्रं बदलली जाणार आहेत. कुठलं बसवायचं हे ठरवताना कुणीतरी आपल्यासारख्यांचे पेपर उघडणार आहे.

काकांचा फोन

माझ्या बाबतीत ते कुणीतरी म्हणजे काकाच होते. २१ टक्के ऐकून त्यांनी दुसऱ्या मोठ्या खोलीसाठीही ड्राइव्हचं कोटेशन मागवलं होतं आणि पतपेढीत कर्जाची चौकशी केली होती. गाईडच्या प्रश्नानंतर मी दोन दिवस फोन टाळला. मग केला.

“काका, तो आकडा धरू नका. मी मोजायला चुकले.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “बरं झालं आत्ता सांगितलंस, ताई. पण मग बिल कशाने कमी होईल ते तरी सांग.”

खरं सांगते, हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या उद्दिष्टांत कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. कंडेन्सर शेजारच्या पिठाच्या गिरणीकडे तोंड करून बसवलेला. त्याच्या पत्र्यांत पीठ आणि धूळ मिसळून थर जमला होता. दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं. कंडेन्सर धुतला, रबर बदललं, दाराला पट्ट्यांचा पडदा लावला. आधी आणि नंतर, बाहेरचं तापमान सारखं असलेल्या तासांतच तुलना केली. कंडेन्सिंग ४ अंशांनी उतरलं. पन्नास अंशांच्या लिफ्टमध्ये ४ अंश म्हणजे ८ टक्के, आणि ड्राइव्हच्या तुलनेत खर्च नगण्य.

नंतर ड्राइव्हचा प्रयोगही मी पुन्हा केला. या वेळी ड्राइव्ह एक दिवस बायपास करून, एक दिवस चालू ठेवून, असं आलटून पालटून सहा आठवडे. पाऊस, थंडी, सण, जे काही आलं ते दोन्ही बाजूंना सारखं वाटलं गेलं. बचत निघाली, पण एक आकडी, आणि दिवसागणिक हलणारी. आता पेपरमध्ये ती तशीच, हलण्यासकट जाणार आहे. पोस्टरवर ती शोभणार नाही.

यातली माझी शेवटची तक्रार कुठल्या पेपरापेक्षा आपल्या एकूण पद्धतीवर आहे. ‘कंडेन्सर धुतला, बिल उतरलं’ यावर पेपर होत नाही. त्यात नावीन्य नाही. म्हणून आपण मळलेल्या कंडेन्सरवर नवा अल्गोरिदम चालवतो, आणि त्याचे टक्के छापतो. निदान बेसलाइन मोजण्याआधी ती धुऊन तरी घ्यावी, एवढी अपेक्षा फार नाही.

पुढचा पेपर वाचताना

रिव्ह्यूच्या एक्सेलमध्ये टक्क्यांचा रकाना असू दे, पण त्याच्या आधी हे पाच रकाने करा :

१. तुलना कशाशी? जुनी प्रणाली नीट देखभाल केलेली होती का, आणि तिच्यावर किती मजकूर आहे?

२. दोन्ही मोजण्यांच्या वेळी बाहेरचं तापमान, आर्द्रता आणि मालाचा भार किती होता?

३. विजेच्या हिशेबात काय काय धरलंय : फक्त कॉम्प्रेसर, की पंखे, ड्राइव्ह आणि डीफ्रॉस्ट हीटरही?

४. सांगितलेला सीओपी कार्नोच्या मर्यादेच्या किती टक्के आहे? हा हिशेब स्वतः करा, दोन मिनिटं लागतात.

५. मोजणीची अनिश्चितता दिली आहे का, आणि बचत तिच्यापेक्षा मोठी आहे का?

बऱ्याच पेपरांसमोर निम्मे रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच ठेवा, अंदाजाने भरू नका. माझ्या तक्त्यात माझ्या त्या पोस्टरचीही एक ओळ आहे. दुसरा रकाना भरल्यावर शेवटचा मी खोडून टाकलाय.